माळव्याचा खर्ज

मध्यरात्र उलटून गेली आहे. उज्जयिनीच्या राजमार्गावर चिटपाखरू नाही. अशा वेळी दोन मित्र गाण्याच्या बैठकीहून घरी परतत आहेत. त्यांतला एक, चारुदत्त, अजून त्या गाण्यातून बाहेर आलेला नाही. रेभिलाने गायिलेला स्वर, त्या स्वराला वीणेने दिलेली साथ, आवाज चढताना आणि उतरताना राखलेला संयम, यांविषयी तो बोलतच राहतो. गाणे संपले तरी आपण ते ऐकत ऐकतच चाललो आहोत, असे त्याला वाटते. दुसऱ्याला, मैत्रेयाला, झोप अनावर झाली आहे आणि कधी एकदा घर गाठतो असे त्याला झाले आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील तिसऱ्या अंकाचा हा आरंभ. देवलांच्या नाटकामुळे ते कथानक मराठी रसिकाच्या ओळखीचे आहे. पुढे त्याच रात्री शर्विलक चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडून आत शिरतो. हाती काय लागते? मृदंग, पणव, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या. हे घर नृत्याचार्याचे तर नव्हे, असा चोराला प्रश्न पडतो. ज्या घरातली संपत्ती सरली त्या घरात वाद्ये तेवढी उरली होती.

वाद्य कोणते, वाजविणारा कोण, तार कशी लागली होती, यावर रात्र रात्र बोलणारी माणसे उज्जैनला नवी नाहीत, एवढे या प्रसंगावरून ध्यानात येते. त्याच नगरीच्या प्रद्योत राजाने वत्सराज उदयनाला कृत्रिम हत्तीच्या सापळ्यात पकडून आणले. ज्याच्या वीणेने रानटी हत्ती वश होत, तोच राजा हत्तीच्या मोहाने फसला. बंदिवासात त्याने राजकन्या वासवदत्तेला वीणा शिकविली आणि अखेर शिष्येसह तो पसार झाला. त्याच्या वीणेचे नाव घोषवती. वाद्याला स्वतःचे नाव असावे, ते हरवावे आणि पुन्हा सापडल्यावर राजाने त्याला उराशी धरून रडावे, हा भासाने रंगविलेला प्रसंग ज्याला खरोखरच वाद्याचा लळा लागला आहे त्यालाच नीट कळेल.

एक खुलासा मात्र येथे केला पाहिजे. उदयनाची वीणा आणि अलीकडच्या शतकांतील बीन ही एकच वाद्ये समजण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते. प्राचीन काळी वीणा या नावाने बहुधा धनुष्याकृती, अनेक तारांचे वाद्य ओळखले जाई. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजाच्या मांडीवर दिसते ते हेच. लांब दांडीला भोपळे बांधलेली, पडद्यांची वीणा ही मध्ययुगीन शिल्पांतून दिसू लागते. तिचेच प्रौढ रूप म्हणजे रुद्रवीणा, आणि गवय्यांच्या बोलीतली बीन. आता बीन म्हटले की चित्रपट पाहणाऱ्या पिढीच्या डोळ्यांपुढे गारुड्याची पुंगी येते, त्याला इलाज नाही.

माळव्याच्या संगीताचा विचार करताना उज्जैनचे स्थान थोडे चमत्कारिक आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे ठाणे येथे पडले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. क्षिप्रेच्या काठी मराठी बोलणारे कारकून, शास्त्री, शिलेदार आणि हरिदास यांची वस्ती झाली. परंतु १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला लष्करात गेली आणि उज्जैनला उरले ते तीर्थक्षेत्राचे माहात्म्य. दरबारी गवई-वादकांची वर्दळ तेव्हापासून इंदूर, देवास, जावरा आणि दूर ग्वाल्हेर येथे राहिली. यांपैकी देवास तर बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर. दरबार एकीकडे आणि देवदर्शन दुसरीकडे अशी विभागणी झाली खरी, पण रसिकाला अंतर आडवे येत नसे. म्हणून उज्जैनच्या भोवतालचा सारा मुलूख एकच मानून ही कथा सांगावी लागते. ही कथा उंच स्वरांची नाही. सप्तकाच्या तळाशी जो गंभीर नाद असतो, ज्याला आपण खर्ज म्हणतो, त्या खर्जाच्या दोन वाद्यांची, बीन आणि पखवाज यांची, ती आहे.

बीनेची रचना साधी दिसते. बांबूची किंवा सागवानी लाकडाची पोकळ दांडी, तिच्याखाली दोन मोठे भोपळे, दांडीवर मेणाने बसविलेले वीस-बावीस पडदे, रुंद घोडी आणि तारा. वाजविण्याच्या मुख्य तारा चार. शिवाय झंकारासाठी आणि लयीसाठी बाजूला चिकारीच्या तारा. मुख्य तारांची लावणी मध्यम, षड्ज, त्याखालचा पंचम आणि सर्वांत खाली अतिमंद्र षड्ज अशी असते. पहिल्या दोन तारा पोलादी, खालच्या दोन पितळी किंवा काशाच्या. या खालच्या दोन तारांतच बीनेचे मर्म आहे. जाणता वादक आलापाच्या आरंभी तेथे उतरतो आणि घाई न करता बराच वेळ तेथेच राहतो. एकच स्वर छेडायचा, तार पडद्यावर बाजूला ओढून तोच स्वर वरच्या स्वरापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. नाद विझत आला तरी मिंड संपलेली नसते. ऐकणाऱ्याने श्वास रोखून धरावा लागतो, कारण आवाज मुळातच लहान.

पाश्चात्त्य वाद्यांत याच तळाच्या नादासाठी पुरुषभर उंचीचे डबल बास असे. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर याने त्याऐवजी गळ्यात अडकविता येईल अशी विजेवर चालणारी, चार तारांची बास गिटार बाजारात आणली. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. बीनेचा अतिमंद्र षड्ज या पट्टीपासून फार दूर नाही. दोहोंच्याही मुख्य तारा चार असाव्यात हा योगायोग. पण त्यांच्या भक्तांच्या चर्चा ऐकल्या तर एकाच गुरूचे शिष्य बोलत आहेत असे वाटेल. बोटाने छेडावे की नखीने? नव्या तारेचा खणखणीत आवाज चांगला की जुन्या तारेचा बुजलेला? पडदे असावेत की नसावेत? डेट्रॉइटचा विख्यात बास वादक जेम्स जेमर्सन केवळ तर्जनीने वाजवी आणि तारा सहसा बदलीत नसे. जॅको पास्टोरियस याने पडदे नसलेल्या बास गिटारवर आपले नाव केले. या वादांची उत्तरे वाद्यात नसून वाजविणाऱ्याच्या हातात असतात हे सर्वांना ठाऊक असते. तरी वाद थांबत नाही, आणि थांबूही नये. वाद्याविषयी भांडणारी माणसे संपली की ते वाद्यही संपायला फार काळ लागत नाही.

माळव्यातील अशा चर्चांच्या मध्यभागी एकोणिसाव्या शतकात एकच नाव होते, बंदे अली खान. यांचे मूळ किराण्याकडचे. धृपदिये बहराम खान यांची तालीम त्यांना मिळाली असे सांगतात. ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीचे आधारस्तंभ हद्दू खान यांचे ते जावई. म्हणजे धृपदाचा आलाप आणि ख्यालाची बढत या दोन्ही प्रवाहांशी त्यांचे नाते होते. इंदूरला दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबारात त्यांना मान होता. वृत्तीने ते फकिरासारखे होते आणि पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंदे प्रसन्न होऊन म्हणाले, माग काय हवे ते. बंदे अलींनी जहागीर मागितली नाही, हत्ती मागितला नाही. दरबारची गायिका चुन्नाबाई हिला मागितले, ही कथा उत्तर हिंदुस्थानापासून पुण्यापर्यंत सर्वत्र सांगितली जाते. आख्यायिकेत किती मीठमसाला आहे कोण जाणे! परंतु चुन्नाबाईने त्यांची विद्या घेतली हे परंपरा मानते, आणि त्या काळच्या एका गायिकेच्या वाट्याला एरवी जे आले असते त्याच्याशी ताडून पाहता ही गोष्ट लहान नव्हे.

बंदे अलींनी मोठा शिष्यवर्ग बांधला. पण त्यात एक खुबी आहे. त्यांच्या हातची बीन जितक्यांनी उचलली त्याहून अधिक लोकांनी त्यांच्या बीनेतले गाणे उचलले. जावऱ्याचे मुराद खान हे खरे बीनकार शिष्य. त्यांच्यामार्फत ती विद्या इंदूरच्या बाबू खानांपर्यंत आली. देवासचे रजब अली खान हे बीन शिकले, वाजवीतही. परंतु जगाने त्यांना ओळखले ते गवई म्हणून, आणि १९५४ चे संगीत नाटक अकादमीचे पारितोषिकही त्यांना गाण्यासाठीच मिळाले. त्यांचे नामवंत शिष्य गायकच निघाले. लता मंगेशकरांना तालीम देणारे अमानत खान देवासवाले हे त्यांचेच पुतणे. आणि तिसरे नाव भास्करबुवा बखल्यांचे. किर्लोस्कर नाटक मंडळीतला हा मुलगा. मंडळीचा मुक्काम इंदूरला असता बंदे अलींनी त्याचे गाणे ऐकले आणि गंडा बांधून त्याला आपला म्हटले. तो सहवास दीर्घ नव्हता. पुढे भास्करबुवांनी फैज महंमद खान, नत्थन खान, अल्लादिया खान अशा मोठमोठ्यांकडून विद्या मिळविली. परंतु मराठी रंगभूमीवरून आलेल्या एका पोराच्या कानात खर्जाचा संस्कार प्रथम पडला तो इंदूरच्या बीनेचा, ही गोष्ट मराठी संगीताच्या इतिहासात एका वाक्यात उरकण्यासारखी नाही. किराना घराण्याचे गवईही आपल्या संथ, स्वरास्वराने वाढणाऱ्या आलापाचे मूळ बंदे अलींच्या बीनेत शोधतात.

१८९५ मध्ये बंदे अली पुण्यात निवर्तले. हिंदुस्थानात ग्रामोफोनची पहिली ध्वनिमुद्रणे झाली १९०२ साली. सात वर्षांच्या या फटीतून तो सारा नाद निसटून गेला.

तरी हळहळताना एक विचार मनात यावा. ते आणखी दहा वर्षे जगले असते तर काय झाले असते? त्या काळच्या ध्वनिमुद्रणाला वीज नव्हती. मोठ्या कर्ण्यासमोर बसून ओरडावे लागे, आणि त्या कर्ण्याला खालचे स्वर जवळजवळ पकडताच येत नसत. तबकडीचा वेळ तीन-चार मिनिटांचा. बीनकाराचा आलाप तीन मिनिटांत मंद्र षड्जावरून उठतही नाही. बंदे अलींची तबकडी निघाली असती तर तिच्यात बंदे अली फारसे उमटले नसते; कदाचित पुढच्या पिढीने ती ऐकून, एवढेच काय ते, असेच म्हटले असते. इमदाद खान यांच्या सतारीच्या आणि सुरबहारीच्या तबकड्या विसाव्या शतकाच्या आरंभी निघाल्या. त्यांवरून त्यांच्या हाताचा वेग कळतो, सुरबहारीच्या गांभीर्याचा मात्र अदमासच करावा लागतो.

या इमदाद खानांचीही अखेरची वर्षे इंदूरच्या होळकर दरबारात गेली. घराणे इटाव्याचे. बंदे अलींच्या वादनाचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. सुरबहार हे वाद्य कसे जन्मले याची एक हकीकत वादकांत प्रसिद्ध आहे. लखनौकडचे बीनकार उमराव खान यांचा एक गुणी शिष्य होता, गुलाम महंमद. बीन ही घराण्याबाहेर द्यायची नाही असा शिरस्ता. पण शिष्यावर जीव जडलेला. तेव्हा उस्तादांनी तोड काढली. सतारच मोठी करून, तारा जाड करून, तिच्यावर बीनेचा आलाप त्याला शिकविला. हकीकत शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यात इतिहासाचे एक वर्म सापडते. बीनकारांनी बीन राखून ठेवली आणि बीनेचे काम करणारे दुसरे वाद्य स्वतःच जगाच्या हाती दिले.

खर्जाचे दुसरे वाद्य पखवाज. येथे मात्र कथा अस्सल मराठी आहे. नाना पानसे मूळचे वाईजवळच्या बावधनचे, कीर्तनकाराच्या घरातले. वडिलांच्या कीर्तनाला मृदंगाची साथ करता करता काशीला पोहोचले आणि बाबू जोधसिंग यांच्यापाशी राहून त्यांनी उत्तरेचा पखवाज आत्मसात केला. नंतर इंदूरला होळकरांकडे ते स्थिरावले आणि तेथूनच पानसे घराणे पसरले. उत्तरेत त्या काळी दतियाचे कुदौसिंग यांचा दबदबा मोठा. त्यांचा बाज जोरकस, गडगडाटी. नानांचा बाज बोलांच्या स्वच्छतेकडे आणि लालित्याकडे झुकणारा. कोण श्रेष्ठ, यावर माळव्यातल्या रसिकांनी किती रात्री जागविल्या असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. नानांची विद्या हातच्या राखणीत अडकली नाही, ही गोष्ट बीनकारांशी ताडून पाहण्यासारखी आहे. सखारामपंत आगळे, त्यांचे चिरंजीव अंबादासपंत, गोविंदराव बऱ्हाणपूरकर अशी शिष्यप्रशिष्यांची रांग उभी राहिली. गोविंदरावांना १९५५ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळाले. कीर्तनकाराच्या घरात विद्या सांगण्यासाठीच असते; श्रोता जितका वाढेल तितका बुवांचा आनंद. तो संस्कार पखवाजाच्या उपयोगी पडला असावा.

पखवाजाच्या सामग्रीची चर्चाही बीनेइतकीच रंगते. उजव्या तोंडावर कायमची शाई असते. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमाला, दर बैठकीपूर्वी कणकेचा गोळा लावतात. कणीक किती ओली, गोळा केवढा, यावर ‘धा’चा दम अवलंबून असतो. थोडी जास्त झाली तर नाद बसतो, कमी पडली तर तो पोकळ वाटतो; आणि बैठक चालू असता कणीक वाळू लागली की पाण्याचा हात फिरवावा लागतो. ही युक्ती फार जुनी. भरताच्या नाट्यशास्त्रात मृदंगाच्या तोंडांना नदीकाठच्या काळ्या मातीचा लेप देऊन स्वर जुळविण्याची पद्धत सांगितली आहे आणि त्या जुळणीला ‘मार्जना’ असे नाव आहे. क्षिप्रेच्या काठची माती कशी होती, हे शर्विलकाला सापडलेल्या मृदंगालाच ठाऊक!

बीनेसाठी आणि तंबोऱ्यासाठी लागणारा भोपळा हा आणखी एक विषय. उत्तम, जाड सालीचे, मोठ्या घेराचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. मिरजेच्या शिकलगार मंडळींनी, ज्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, तो या भोपळ्यांच्या जोरावर. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा वर्षानुवर्षे वाळवावा लागतो. घोडीची जवारी कानसेने केसाच्या अंतराने उतरवावी लागते. एखादी कानस जास्त फिरली तर स्वर फाटतो, कमी फिरली तर मुका राहतो. हे काम यंत्राने होत नाही आणि पुस्तकावरून येत नाही.

आता प्रश्न असा की, इतकी समृद्धी असून माळव्यातली बीन क्षीण का झाली? याचे ठरीव उत्तर तयार असते. संस्थाने गेली, राजाश्रय गेला, विद्या गेली. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघराज्य झाले. होळकर, शिंदे, पवार यांचे दरबार इतिहासजमा झाले. तारीख खरी आहे, उत्तर मात्र अपुरे आहे. बंदे अलींचा अंत आणि संस्थानांचा अंत यांमध्ये त्रेपन्न वर्षे आहेत. त्या काळात इंदूरच्या दरबारात पैसा होता, हौस होती, संगीतही भरपूर होते. पण ते ख्यालाचे, ठुमरीचे, सतारीचे होते. राजाश्रय असतानाच बीन मागे पडत चालली होती.

कारणे वाद्याच्या अंगातही होती. दोन भोपळ्यांची, चार-पाच फूट लांबीची बीन घेऊन आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून हिंडणाऱ्या वादकाची कल्पना करावी! माळव्याच्या वैशाखात पडद्यांखालचे मेण मऊ पडते आणि पडदा हलला की स्वर हलतो. शिवाय नाटकगृहांचा जमाना आला. पाचशे-हजार माणसांपुढे हार्मोनियम पोहोचते, बीन पोहोचत नाही. आणि सर्वांत मोठे कारण, मुठी आवळलेल्या राहिल्या. बीन मुलाला द्यायची, जावयाला द्यायची. फार झाले तर एखाद्या शिष्याला, आणि त्यालाही सगळी नाही. धृपदाचा आलाप ही घराण्याची ठेव. ती बाहेर पडली की आपली किंमत गेली, ही समजूत. या भीतीला दोष देणे सोपे आहे. ज्याचे पोट एका राजाच्या मर्जीवर अवलंबून होते त्याने आपली एकमेव मिळकत जपून ठेवावी यात नवल नाही. तरी परिणाम बदलत नाही. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत विद्यालय निघाले, स्वरलिपी आली, मध्यमवर्गातली मुले रीतसर गाणे शिकू लागली. या नव्या वाटेवर ख्याल चालू लागला, पखवाजाने निदान तबल्याच्या रूपाने पाऊल टाकले; बीन वाटेच्या कडेला उभी राहिली.

नभोवाणीने तरी तिला हात दिला का? १९५५ मध्ये इंदूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. ध्वनिक्षेपकाने बीनेचा लहान आवाज मोठा केला. हा मोठाच उपकार. परंतु घरोघरच्या रेडिओचा कर्णा वीतभर. त्यातून सेकंदाला चाळीस-पन्नास कंपनांचा नाद निघत नाही. ऐकणाऱ्याला खर्ज ऐकू येतो असे वाटते ते कानाच्या एका विलक्षण शक्तीमुळे. मूळ नाद गाळला तरी त्याच्या वरचे सहायक नाद ऐकून मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. स्वर ओळखता येतो; परंतु बीनेच्या शेजारी बसलेल्याला छातीशी जो कंप जाणवतो, तो मिळत नाही. ज्यांनी कधी समोर बसून बीन ऐकली नाही त्यांनी रेडिओवर ऐकून तिला संथ आणि नीरस म्हटले, यात त्यांचा काय अपराध?

खर्ज मात्र माळव्यातून गेला नाही. तो कंठात शिरला. इंदूरचे अमीर खान हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. वडील शाहमीर खान इंदूरच्या दरबारातले सारंगिये. त्यांच्या घरी गवई-वादकांचा राबता असे. मुलाने त्या घरात जे ऐकले त्यावर रजब अलींच्या तानेचे आणि किराना वळणाच्या आलापाचे संस्कार चढले आणि अतिविलंबित लयीत, मंद्र सप्तकात निवांत रमणारी एक गायकी जन्माला आली. अमीर खान मंद्रात उतरत तेव्हा जणू जाड तारेवर बोट ओढल्यासारखा स्वर सरकत असे. ती चाल गळ्याची वाटत नाही, तंतकाराची वाटते. १९७४ मध्ये ते गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत ज्याला बीन ऐकू येते तो भ्रमात आहे असे म्हणवत नाही.

बीनेचा पुढचा अध्याय घडला तो महाराष्ट्रात. पण त्याचेही एक टोक माळव्यात आहे. डागर घराण्यातले नसीरुद्दीन खान हे होळकरांच्या पदरी इंदूरला होते. धृपदाचे प्रसिद्ध गायक अमीनुद्दीन डागर यांचा जन्म १९२३ मध्ये इंदूरचाच. नसीरुद्दीन खानांचे चुलतबंधू झियाउद्दीन खान उदयपूरला होते. त्यांचे पुत्र झिया मोहिउद्दीन डागर मुंबईस आले. यांनी बीन हाती घेतली आणि तिच्या मूळ प्रकृतीलाच हात घातला. दांडी जाड केली, भोपळे वाढविले, तारा जाड घेतल्या आणि पट्टी खाली नेली. बोटावरची मिझराब काढून टाकली. उघड्या बोटाच्या मांसल भागाने ते तार छेडीत. खांद्यावर भोपळा टेकवून वाजविण्याची जुनी उत्तर हिंदुस्थानी बैठक सोडून त्यांनी वाद्य दक्षिणेच्या वीणेप्रमाणे आडवे घेतले. वाद्य जड झाल्यावर ते खांद्यावर पेलणे तसेही कठीणच होते. परिणामी आघाताचा टणत्कार नाहीसा झाला आणि उरला तो लांबत जाणारा, खोल, जमिनीतून यावा तसा नाद.

जुन्या वळणाच्या लोकांना हे रुचले नसेल तर आश्चर्य नाही. बीन ही खांद्यावरच शोभते, मिझराबीशिवाय बोल स्पष्ट कसे निघणार, हे आक्षेप वाऱ्यावर सोडण्यासारखे नाहीत. जयपूर बीनकार घराण्याचे असद अली खान यांनी अखेरपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, बीन खांद्यावर घेऊन आणि मिझराब लावून वाजविली, आणि त्यांच्या हातात बोल कसे झडत हे ऐकणाऱ्याला त्या पद्धतीचा मोठेपणा वेगळा सांगावा लागत नसे. मात्र खर्जाच्याच दृष्टीने पाहायचे तर डागरांच्या प्रयोगाचे पारडे जड आहे. त्यांनी बीनेला नवे काही चिकटविले नाही. तिच्यात मुळात जो नाद दडलेला होता त्याला जागा मोठी करून दिली. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांनी गुरुकुल उभारले आणि घराण्याबाहेरच्या, देशाबाहेरच्याही शिष्यांना बसवून शिकविले. लखनौच्या उस्तादाने ज्या शिरस्त्यासाठी शिष्याला मोठी सतार करून दिली, तो शिरस्ता येथे मोडला. १९९० मध्ये झिया मोहिउद्दीन वारले. त्यांचे पुत्र बहाउद्दीन यांनी ती बीन पुढे चालविली.

कालिदासाने मेघाला उज्जयिनीला वळसा घालून जाण्यास सांगितले ते काही उगाच नव्हे. वाट वाकडी होईल, तरी जा. महाकालाच्या मंदिरी सायंकाळ होईपर्यंत थांब. आरतीच्या वेळी तुझ्या गंभीर गर्जनेनेच नगाऱ्याचे काम होऊ दे, असे यक्ष त्याला विनवितो. १९५८ पासून उज्जैनला त्या कवीच्या नावाने कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीला समारोह सुरू होतो. त्या सुमारास पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी असते, पडद्यांखालचे मेण घट्ट असते आणि भोपळ्याला दमटपणाची बाधा नसते. बीन लावायला वर्षातले याहून चांगले दिवस माळव्यात नाहीत.